कलगी-तुरा

कलगी-तुरा : मराठी शाहिरी परंपरेतील स्पर्धात्मक काव्यगायनाचा एक प्रकार. श्रोत्यांच्या समक्ष दोन फड एकमेकांस काव्यातून प्रश्न घालतात आणि काव्यातूनच, शक्यतो प्रश्नाच्याच चालीत, त्यांची उत्तरे देतात. ज्या फडास उत्तर सुचत नाही, तो हरला असे समजले जाते. यांतील कलगी हा पक्ष शक्तीचे म्हणजे आदिमायेचे श्रेष्ठत्व प्रतिपादतो, तर तुरा हा पक्ष शिवाचे म्हणजे परब्रह्माचे. ‘सवाल-जवाब’ व ‘झगडा’ ही नावेही या सामन्यांच्या संदर्भात रूढ आहेत. महाराष्ट्राप्रमाणेच कर्नाटक, मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या राज्यांतही या दोन पक्षांची परंपरा आढळते. श्रोत्यांना साक्षी व परीक्षक मानून कवींनी परस्परांशी सामना करण्याची प्रथा जगातील अनेक समाजांत होती व आहे. कलगी-तुरा हे तिचे मराठी रूप होय. वादाचा विषय कायमचा ठरलेला, प्रत्येक कवीची बाजू गुरुपरंपरेने बांधलेली आणि तरीही निकाल मात्र दर वेळी नव्याने लागणारा, हे त्याचे वैशिष्ट्य आहे.

नाव व उगम : कलगी आणि तुरा हे दोन्ही पागोट्यावर अथवा मंदिलावर लावावयाचे मानाचे अलंकार. राजे व सरदार ते स्वतः धारण करीत आणि गुणिजनांना बक्षीस म्हणूनही देत. शाहिरांच्या पक्षांना ही नावे कशी मिळाली, याविषयी एक आख्यायिका उत्तरेत व दक्षिणेत थोड्याफार फरकाने सांगितली जाते. तुकनगीर नावाचा एक गोसावी आणि शाह अली नावाचा एक फकीर यांच्यात चंदेरीच्या राजासमोर काव्यविवाद झाला. दोघांचीही प्रतिभा पाहून प्रसन्न झालेल्या राजाने आपल्या मुकुटावरील तुरा तुकनगीरास व कलगी शाह अलीस दिली. तेव्हापासून गोसाव्याचे अनुयायी तुरेवाले आणि फकिराचे अनुयायी कलगीवाले म्हणून ओळखले जाऊ लागले. राजस्थानातील परंपरेत तुऱ्याचा रंग भगवा व कलगीचा हिरवा मानतात, त्याचे मूळही याच कथेत आहे. ही आख्यायिका इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. तथापि तिच्यातून एक गोष्ट सूचित होते. या परंपरेने आपला आरंभ हिंदू व मुसलमान अशा दोन साधकांच्या बरोबरीच्या सन्मानात पाहिला, एकाच्या विजयात व दुसऱ्याच्या पराभवात नव्हे. शाहिरी काव्यात दोन्ही समाजांचे कवी सहभागी असल्याचे प्रत्यक्ष इतिहासातही दिसते. जेजुरीचा प्रसिद्ध लावणीकार सगनभाऊ हा मुसलमान शिकलगार होता.

तत्त्वविचार : कलगी व तुरा यांच्यातील वाद वरवर पाहता देवदेवतांविषयीचा वाटतो. त्याच्या मुळाशी मात्र भारतीय दर्शनांतील एक जुना प्रश्न आहे. सांख्यांनी विश्वाचा उलगडा प्रकृती व पुरुष या दोन तत्त्वांनी केला. वेदान्ताने ब्रह्म व माया यांची चर्चा केली, तर शैव व शाक्त मतांनी शिव व शक्ती यांची. शाहिरांनी या सर्व जोड्या एकत्र करून ‘आधी कोण?’ एवढ्या एकाच प्रश्नात आणून बसविल्या. कलगी पक्षाच्या मते शक्तीवाचून शिव निश्चेष्ट आहे. सृष्टीची उत्पत्ती, पालन व संहार ही सर्व शक्तीचीच कृत्ये होत. तुरा पक्षाच्या मते शक्ती ही शिवाची शक्ती आहे; ती ज्याची आहे तो आधी असल्याखेरीज तिला आश्रय नाही. या दोन पक्षांना अनुक्रमे नागेशी व हरदासी असेही म्हणतात. उत्तर कर्नाटकातील लावणीगायनात हीच नावे ‘नागेशी’ आणि ‘हरदेशी’ अशा रूपांत प्रचलित आहेत.

हा वाद प्रत्यक्ष सामन्यात कसा चालतो, हे त्याच्या युक्तिवादाच्या क्रमावरून कळते. शिव जर निर्गुण व निष्क्रिय असेल, तर सृष्टी निर्माण करण्याची इच्छा कोणाला झाली, असा प्रश्न कलगीवाला घालतो. इच्छा ही नेहमी कोणाची तरी असते, निराधार इच्छा कोणी पाहिली आहे काय, असे उत्तर तुरेवाला देतो आणि सावली व वस्तू यांचा दृष्टांत पुढे करतो. त्यावर, सावलीस वस्तूइतकाच प्रकाशही लागतो, मग तो प्रकाश कोण, असा प्रतिप्रश्न कलगीवाला करू शकतो. बीज आधी की झाड, आई आधी की मूल, ज्योत आधी की तेज असे दृष्टांत वाढत जातात. शेवटी विषय लौकिक पातळीवर उतरून स्त्री श्रेष्ठ की पुरुष श्रेष्ठ, या वादापर्यंत येतो. तत्त्वज्ञानाची गहन परिभाषा घरगुती अनुभवाच्या भाषेत बोलली जाते, ती या टप्प्यावर.

या प्रश्नाचे एक समाधान मराठी वाङ्मयाच्या आरंभकाळीच मांडले गेले होते. अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर) नेवासे येथे १२९० मध्ये गीतेवरील आपली टीका पूर्ण करणाऱ्या ज्ञानेश्वरांनी अनुभवामृत या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात शिव व शक्ती यांच्या ऐक्याचे वर्णन केले आहे. दोघे परस्परांवाचून राहू शकत नाहीत, दोघांत आधी व नंतर असा भेद करता येत नाही आणि दोन म्हणून दिसणारे ते वस्तुतः एकच आहेत, असा त्यांचा आशय आहे. शाहिरांचा वाद या समाधानाच्या विरोधी नाही. दोन्ही पक्षांचे जाणते गुरू शिव-शक्तीचे अद्वैत मान्यच करतात. अंतिम सत्य एक असल्याचे ठाऊक असूनही त्याच्या दोन बाजू वेगळ्या करून मांडल्यास विचारास धार येते आणि श्रोत्यांस तो विचार समजतो, ही या खेळामागील भूमिका आहे. म्हणूनच शतकानुशतके वाद होऊनही तो निकालात निघाला नाही. तो निकालात काढावा, असा कोणाचा हेतूही नव्हता.

काव्यरचना : कलगी-तुऱ्याच्या रचनांना सामान्यतः भेदिक कवने अथवा भेदिक लावण्या म्हणतात. ‘भेद’ याचा येथील अर्थ गूढ अथवा मर्म असा आहे. ज्या कवनात एखादे मर्म लपविलेले असते व प्रतिपक्षाने ते उकलावयाचे असते, ते भेदिक. शृंगारिक लावणीत भाव आणि नखरा यांना जे स्थान असते, ते भेदिक रचनेत युक्तिवाद व बहुश्रुतता यांना मिळते. तिचे विषय स्थूलमानाने तीन प्रकारचे आहेत. पहिला आध्यात्मिक : पिंड व ब्रह्मांड, पंचमहाभूते, सांख्यांची पंचवीस तत्त्वे, देहातील चक्रे इत्यादी. दुसरा पौराणिक : रामायण, महाभारत व पुराणे यांतील अल्पपरिचित प्रसंग, वंशावळी, शाप व वर यांसंबंधीचे प्रश्न. तिसरा कूटप्रश्नांचा : संख्या, नाती, शब्दांचे श्लेष अथवा वर्णांची उलटापालट यांवर आधारलेली कोडी.

उत्तराचे बंधन दुहेरी असते. आशय बरोबर हवा आणि बांधणीही जुळावयास हवी. प्रतिपक्षाने ज्या चालीत व ज्या यमकात सवाल टाकला, तीच चाल व तेच यमक राखून जबाब देणारा शाहीर वरचढ मानला जातो. यासाठी शाहिराला दोन प्रकारचे बळ लागते. एक पाठांतराचे : गुरुपरंपरेतून आलेली शेकडो कवने त्याच्या जिभेवर असावी लागतात. दुसरे हजरजबाबीपणाचे : पाठ असलेल्या साठ्यात उत्तर नसेल, तर ते जागच्या जागी रचावे लागते. निष्णात शाहीर या दोहोंचा सांधा असा जुळवितो की, जुने कोठे संपले व नवे कोठे सुरू झाले हे श्रोत्यांस उमगत नाही.

सामन्याची रीत : प्रत्येक पक्षाचा एक फड असतो. मुख्य शाहीर हा त्याचा नायक. त्याच्यामागे झील धरणारे साथीदार कडव्याच्या अखेरीस धृपद उचलतात. डफ, तुणतुणे व झांज ही प्रमुख वाद्ये होत. डफ हा केवळ तालासाठी नसतो, तो फडाच्या प्रतिष्ठेचेही चिन्ह असतो. आपल्या पक्षाची कलगी किंवा तुरा डफावर मिरविण्याची प्रथा होती. सामना बहुधा गावच्या जत्रेत अथवा उत्सवात, मोकळ्या जागी व रात्री होई. आरंभी गणेशाचे स्तवन, त्यानंतर गुरूचे व आपल्या परंपरेचे स्मरण आणि मग सवाल, असा क्रम असे. एका फडाने सवाल टाकून डफ खाली ठेवला की दुसऱ्या फडाने तो उचलावयाचा. जबाब दिल्यावर त्याने आपला सवाल टाकावयाचा आणि अशा फेऱ्या पहाटेपर्यंत चालावयाच्या.

हरलेल्या पक्षाने आपली कलगी किंवा तुरा विजयी पक्षाच्या स्वाधीन करावा, असा संकेत होता. शाहिराच्या दृष्टीने ही नामुष्की मोठी होती. कारण तो अलंकार त्याच्या एकट्याचा नसून त्याच्या गुरूचा व गुरूच्याही गुरूचा असे. या भीतीमुळेच कवनांची बाडे, म्हणजे हस्तलिखित वह्या, जिवापाड जपली जात. प्रतिपक्षाच्या हाती बाड पडणे म्हणजे शस्त्रागार लुटले जाण्यासारखेच होते. गुरू आपल्या शिष्यालाही सर्व कवने एकदम देत नसे. या गुप्ततेचा परिणाम दुहेरी झाला. निष्ठावंत शिष्यपरंपरा असलेल्या फडांत रचना पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध राहिल्या. पण जेथे शिष्य मिळाला नाही, तेथे शाहिराबरोबर त्याचे बाडही नाहीसे झाले. छापील पुस्तकांत आलेले भेदिक काव्य हे एकंदर रचनेच्या मानाने थोडे आहे, त्याचे एक कारण हे होय.

निकाल देणारा असा स्वतंत्र पंच बहुधा नसे. गावातील जाणती मंडळी पुढे बसत आणि उत्तर शास्त्राला व कथेला धरून आहे की नाही, याविषयी त्यांचे मत वजनदार ठरे. परंतु खरा निकाल समोरच्या समूहाचाच असे. उत्तर चुकले तर तो हसे, उत्तर साधले तर दाद देई आणि शाहीर गप्प राहिला तर त्या स्तब्धतेचा अर्थ सांगण्यास पंचाची गरज नसे. येथे गुण मोजण्याची पद्धत नव्हती. निरुत्तर होणे हाच पराभव होता.

ऐतिहासिक विकास : मराठी शाहिरी काव्याचा बहर उत्तर पेशवाईत, म्हणजे अठराव्या शतकाचा उत्तरार्ध व एकोणिसाव्या शतकाचा आरंभ या काळात दिसतो. अनंत फंदी, परशराम, राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ व प्रभाकर हे या काळातील प्रमुख शाहीर. त्यांच्यात ब्राह्मण होते, शिंपी होते, गवळी होते आणि शिकलगारही होते. पाठशाळेतील वादसभा ज्यांना बंद होती, अशा जातींतील लोकांनी फडावरील वादसभेत तेच प्रश्न हाताळले. सिन्नर तालुक्यातील वावी येथील परशराम (१७५४–१८४४) हा शिंप्याचा व्यवसाय करणारा शाहीर अध्यात्मपर रचनेसाठी प्रसिद्ध होता. उलटपक्षी, सोलापूरचा राम जोशी संस्कृतविद्येत मुरलेला असूनही तमाशाच्या फडात उतरला. त्याने संस्कृत शब्दकळा लावणीत आणली आणि अनेक भाषांचे मिश्रण असलेल्या लावण्याही रचल्या. पुढे कवी मोरोपंतांच्या सहवासात तो कीर्तनाकडे वळला. विद्वत्ता व लोकरंजन यांतील अंतर या काळात जितके कमी झाले, तितके एरवी क्वचितच झाले असेल. त्यासाठी लागणारे व्यासपीठ शाहिरी फडाने पुरविले.

पेशवाईच्या अस्तानंतर (१८१८) दरबारी आश्रय संपला आणि शाहीर सर्वस्वी गावोगावच्या जत्रांवर व सामान्य श्रोत्यांवर अवलंबून राहिला. ढोलकीच्या तमाशाने सवाल-जवाबाचा अंश उचलला. तेथे त्याचे आध्यात्मिक अंग कमी होऊन चातुर्य, विनोद व शाब्दिक चकमक यांना महत्त्व आले. विसाव्या शतकात मराठी चित्रपटानेही हा प्रकार लोकप्रिय केला. लोकशाहीर रामजोशी (१९४७) आणि अनंत माने दिग्दर्शित सवाल माझा ऐका (१९६४) या चित्रपटांमुळे, ज्यांनी फडावरचा सामना कधी पाहिला नव्हता अशा शहरी प्रेक्षकांसही सवाल-जवाबाची ओळख झाली.

अहमदनगर जिल्ह्यातील परंपरा : या जिल्ह्याचा शाहिरीशी असलेला संबंध मुख्यतः संगमनेर व त्याच्या परिसराभोवती गुंफलेला आहे. पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या मार्गावरील या गावी अनंत फंदी (१७४४–१८१९) हा शाहीर होऊन गेला. त्याचे आडनाव घोलप. मलिक फंदी नावाच्या फकिराशी असलेल्या मैत्रीमुळे त्यास ‘फंदी’ हे नाव पडले, असे सांगतात. लावणी, पोवाडा व कटाव हे प्रकार त्याने हाताळले; परंतु त्याची विशेष कीर्ती आहे ती व्यवहारातील शहाणपण खणखणीत शब्दांत सांगणाऱ्या फटक्यांमुळे. याच जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात खर्डे येथे १७९५ मध्ये मराठे व निजाम यांच्यात झालेली लढाई त्याच्या पोवाड्याचा विषय झाली. सवाई माधवरावाच्या मृत्यूवर त्याने माधवनिधन हे काव्य रचले.

फंदीविषयीची सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका अहिल्याबाई होळकरांशी निगडित आहे. अहिल्याबाईंचा जन्म जामखेड तालुक्यातील चौंडी या गावचा. त्यांनी फंदीस, तुझी वाणी तमाशात खर्च करण्याऐवजी ईश्वरगुणगानात लाव, असा उपदेश केला आणि त्याने तमाशा सोडून कीर्तन करण्यास आरंभ केला, असे म्हणतात. राम जोशी व फंदी या दोघांच्याही चरित्रांत फडाकडून कीर्तनाकडे जाण्याचा हा प्रवास सांगितला जातो. फडावरील काव्यास लोकप्रियता मिळाली तरी प्रतिष्ठा मिळत नव्हती, याचे ते द्योतक आहे. फंदीचा मुलगा बापू हाही कवी होता. कवी अनंत फंदी यांच्या नावाने संगमनेर येथे व्याख्यानमाला चालविली जाते.

संगमनेर तालुक्यातीलच हिवरगाव पावसा या गावी पवळा (१८७०–१९३९) हिचा जन्म झाला. तमाशाच्या फडावर स्त्रीवेषातील पुरुष नाचण्याची प्रथा असताना प्रत्यक्ष उभ्या राहिलेल्या आरंभीच्या स्त्री-कलावंतांत तिची गणना होते. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांच्या रचना तिच्या कंठातून महाराष्ट्रभर पोहोचल्या. ब्राह्मण कुळात जन्मलेला कवी व महार समाजात जन्मलेली गायिका यांनी एकत्र फड चालविणे ही त्या काळी मोठी धीट गोष्ट होती. पवळेचे स्थान कलगी-तुऱ्याच्या इतिहासाच्या दृष्टीनेही विचार करण्यासारखे आहे. शक्तीचे व स्त्रीचे श्रेष्ठत्व गाणारा कलगी पक्ष शतकभर पुरुषांच्याच मुखाने बोलत आला होता. स्त्रीची बाजू स्त्रीने मांडण्याचा प्रसंग मराठी फडावर उशिरा आला. पुढे तमाशा-कलावंत कांताबाई सातारकर यांनीही संगमनेर ही आपली कर्मभूमी केली. त्यांचे निधन २०२१ मध्ये झाले.

कोकणातील शक्ती-तुरा : कलगी-तुऱ्याची आज सर्वाधिक जिवंत असलेली मराठी शाखा कोकणात आहे. रत्नागिरी, रायगड व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत गौरी-गणपतीच्या दिवसांत होणाऱ्या जाखडी नृत्यास सवाल-जवाबाची जोड मिळाली असून कलगी पक्षास तेथे शक्तीवाले म्हणतात. मधोमध शाहीर व वादक बसतात आणि पायांत घुंगरू बांधलेले नर्तक त्यांच्याभोवती फेर धरतात. गण व गवळण झाल्यावर दोन्ही पक्षांत सवाल-जवाब सुरू होतात. गिरणी व गोदी कामगार म्हणून मुंबईस गेलेल्या कोकणी माणसांनी हा खेळ बरोबर नेला. त्यामुळे गावच्या अंगणातील शक्ती-तुऱ्याचे सामने मुंबईच्या नाट्यगृहांतही तिकीट लावून होऊ लागले. पौराणिक प्रश्नांबरोबर महागाई, व्यसन, शिक्षण, स्थलांतर यांसारखे विषयही आता गायले जातात.

इतर प्रांतांतील रूपे : राजस्थानात चितोड परिसरात तुर्रा-कलंगी या नावाने ख्यालाचे, म्हणजे गेय लोकनाट्याचे, प्रयोग होतात. तेथे काव्यविवादाचे रूपांतर नाट्यात झाले आहे. मध्य प्रदेशाच्या निमाड भागात कलगी-तुर्रा गायनाची स्पर्धा रात्रभर चालते, तर उत्तर प्रदेशात ख्याल अथवा लावणी या नावाने गाणाऱ्यांचे आखाडे होते. उत्तर कर्नाटकातील हरदेशी-नागेशी लावणीत नागेशी पक्ष स्त्रीचे श्रेष्ठत्व मांडतो आणि ती बाजू स्त्री-गायिकांचे मेळ घेतात. त्यामुळे मराठी परंपरेत जे क्वचित घडले, ते तेथे नित्याचे झाले आहे.

जागतिक समांतर प्रकार : काव्यस्पर्धेची प्रथा अन्यत्रही प्राचीन आहे. जपानच्या दरबारात नवव्या शतकापासून ‘उताआवासे’ नावाचे सामने होत. त्यांत कवींची डावी व उजवी अशी दोन दले असत, दोहोंना एकच विषय दिला जाई आणि पंच कविता-कवितेचा निकाल देई. दक्षिण फ्रान्समधील मध्ययुगीन चारणकवी ‘तेन्सो’ या प्रकारात आलटून पालटून कडवी रचून वाद घालीत. स्पेन व फ्रान्स यांच्या सीमेवरील बास्क लोकांत ‘बेर्त्सो’ ही शीघ्रकाव्याची परंपरा असून तिची अजिंक्यपद स्पर्धा १९३५ मध्ये सुरू झाली. मायालेन लुहान्बियो ही २००९ मध्ये ती जिंकणारी पहिली स्त्री ठरली. भारतात बंगालचे कविगान व उर्दू मुशायऱ्यातील दिलेल्या मिसऱ्यावर गझल रचण्याची रीत ही याच कुळातील होत.

या परंपरेचे सर्वांत अलीकडील रूप म्हणजे ‘पोएट्री स्लॅम’ ही अमेरिकेत जन्मलेली काव्यस्पर्धा. बांधकाम मजूर म्हणून काम केलेला मार्क स्मिथ हा कवी तिचा प्रवर्तक. विद्यापीठीय काव्यवाचनास श्रोते कंटाळतात, हे पाहून त्याने शिकागोतील ग्रीन मिल या पानगृहात १९८६ मध्ये हे सामने नियमित सुरू केले. कवीने स्वतःची रचना सुमारे तीन मिनिटांत सादर करावयाची, वेषभूषा, साहित्य किंवा वाद्ये वापरावयाची नाहीत, असे त्याचे नियम आहेत. श्रोत्यांतूनच निवडलेले पाच परीक्षक शून्य ते दहा गुण देतात. सर्वांत अधिक व सर्वांत कमी गुण वगळून उरलेल्या तिहींची बेरीज करतात. १९९० मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे शिकागो व सॅन फ्रान्सिस्को या शहरांच्या संघांनी परस्परांशी सामना केला. त्यातून शहराशहरांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा उभी राहिली व ती २०१८ पर्यंत चालली. ही पद्धत यूरोप, आफ्रिका व दक्षिण अमेरिका या खंडांत पसरली. २०२२ मध्ये ब्रुसेल्स येथे झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेचा झाबिसो व्हिली हा विजयी झाला.

स्लॅम व कलगी-तुरा यांचा परस्परांशी ऐतिहासिक संबंध नाही. तरीही दोहोंची तुलना उद्‌बोधक आहे. दोन्हींत कविता कागदावरून उठून सभेत येते, दोन्हींत श्रोता हाच न्यायाधीश असतो आणि दोन्हींचा जन्म विद्वानांच्या वर्तुळाबाहेरील व्यासपीठाच्या गरजेतून झाला. भेद मात्र मूलगामी आहेत. स्लॅमचा कवी स्वतःच्या अनुभवाबद्दल बोलतो; कलगी-तुऱ्याचा शाहीर परंपरेने आपल्या वाट्यास आलेली बाजू लढवितो. स्लॅममध्ये प्रत्येक कवितेस स्वतंत्र गुण मिळतात. कलगी-तुऱ्यात कवन एकटे उभेच राहत नाही, प्रतिपक्षाच्या सवालावाचून त्यास अर्थ येत नाही. त्यामुळे स्लॅममध्ये कवीस प्रतिस्पर्ध्याकडे लक्ष न देताही जिंकता येते. शाहिरास मात्र प्रतिस्पर्ध्याचा प्रत्येक शब्द कान देऊन ऐकावाच लागतो. जो नीट ऐकत नाही तो जबाब देऊ शकत नाही, हा या खेळाचा मूलभूत नियम आहे.

मूल्यमापन : भेदिक काव्याच्या मर्यादा उघड आहेत. प्रतिपक्षास अडविणे हाच हेतू झाल्यावर प्रश्न मर्मग्राही होण्याऐवजी केवळ दुर्घट होत गेले. आडवाटेच्या कथा, नावांच्या याद्या व आकड्यांची कोडी यांनी काव्याची जागा घेतली. शास्त्रार्थ संपला की वैयक्तिक टीका व अश्लील टोमणे सुरू होत. स्त्री-पुरुष श्रेष्ठत्वाच्या वादात स्त्रीनिंदा ही तुरेवाल्यांची एक ठरीव युक्ती बनली. पक्षाचा अभिमान गावांच्या वैरापर्यंतही पोहोचत असे.

असे असले, तरी कलगी-तुऱ्याचे कार्य लहान नाही. ग्रंथ वाचू न शकणाऱ्या समाजास सांख्य व वेदान्त यांची परिभाषा, पुराणकथांचा साठा आणि शंका विचारण्याची शिस्त या खेळाने दिली. ईश्वराविषयीचा प्रश्न चारचौघांत विचारता येतो, त्याला उलट प्रश्न करता येतो आणि उत्तर न पटल्यास ते नाकारता येते, ही सवय शेतकरी, कारागीर व बलुतेदार यांच्या सभेत रुजली, ती कोणत्याही पाठशाळेच्या साहाय्यावाचून. एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी प्रश्नोत्तरांच्या साहाय्याने समाजप्रबोधन केले, तेव्हा सवाल ऐकून जबाबाची वाट पाहणारा श्रोता त्यांना आयता मिळाला.

रात्रभराच्या जत्रा कमी झाल्या, करमणुकीची साधने बदलली आणि पुराणांचा परिचय ओसरला, त्यामुळे देशावरील भेदिकाचे सामने विरळ झाले आहेत. जुने फडकरी व त्यांची बाडे यांच्यावरच हा वारसा अवलंबून आहे. बाडांचे संकलन व लेखन झाल्यास कवने टिकतील. परंतु सामना टिकण्यास तेवढे पुरेसे नाही. त्यासाठी सवाल टाकणारा, तो मन लावून ऐकणारा प्रतिपक्ष आणि दोघांचाही न्याय करू शकेल इतकी जाणती सभा, या तिघांची गरज असते. यांपैकी सभा घडविण्यास सर्वांत अधिक काळ लागतो आणि ती सर्वांत लवकर विखुरते.